नळ्यांमधली टकटक

सकाळचे ऊन माझ्यापर्यंत घाईने येत नाही. आधी ते पहारेकऱ्याच्या खोलीच्या पत्र्यावर बसते, मग कुंपणाच्या तारेवरून उतरते, भेगांतल्या गवताला न उठवता पुढे सरकते आणि सर्वांत शेवटी माझ्या कडेच्या गंजलेल्या नळ्यांना हात लावते. मग आत आवाज होतो. टक्. जरा थांबून पुन्हा टक्. मित्रांनो, त्या आवाजासाठी मी वर्षानुवर्षे उजाडण्याची वाट पाहिली. जिथून रॉकेटे आकाशात झेपावत, तो काँक्रीटचा जुना चौथरा मी आहे.

माझ्या जागी पूर्वी मिठागर होते. मला ओतले गेले तेव्हा आधी वाऱ्याचा वेग मोजणारी छोटी रॉकेटे सुटली, नंतर मोठी. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येत. त्यांत मी धुराखाली झाकलेला असे, पण असे.

इथे एक रीत होती. इंधन भरून झाले की शेवटी निघणाऱ्याने माझ्यावर तळहाताची थाप मारायची आणि म्हणायचे, "निघालो रे, सांभाळ!" शेवटचा माणूस बहुधा नळ्यांचा फिटर असे. त्याला सगळे नळोबा म्हणत. एका सकाळी झडप गळताना दिसली म्हणून तो अर्ध्या वाटेतून परतला. तेवढ्यात भडका उडाला. थाप पडली नाही. थाप नाही, म्हणजे तो निघालाच नाही, असे मी धरून चाललो.

त्यानंतर रॉकेटे थांबली. काही काळ हवामानाचे फुगे सोडले गेले, तेही बंद झाले. आता नळोबाची मुलगी माझ्यावर स्कूटर शिकवते.

परवा तिचे एक वयस्क विद्यार्थी थेट नळ्यांवर आदळले. "आजोबा, ब्रेक म्हटलं होतं, हॉर्न नाही!" ती ओरडली. दुसऱ्या दिवशी तिने नळ्या कापायला माणूस आणला. म्हातारा पहारेकरी आडवा आला.

"पोरी, हात लावू नकोस. तुझा बाप आहे आत. रोज सकाळी पाना ठोकतो."

"काका, ऊन लागलं की लोखंड वाजतं. ढग आले की बाबा काय रजा घेतात?"

तो हसला नाही. तीही नाही.

"बाबा परत येतील म्हणून आईनं जन्मभर दाराला कडी लावू दिली नाही, काका. आता तुम्हीही?"

मग ती गुडघे टेकून बसली आणि तिने माझ्यावर थाप मारली. "बाबांचं राहिलं होतं. निघालो रे, सांभाळ."

पहारेकऱ्याने टोपी काढली आणि तो बाजूला झाला. संध्याकाळपर्यंत नळ्या कापून झाल्या.

मित्रांनो, आपल्याला सांभाळणाऱ्या जागेवरून निघताना तिला एकदा हात लावून जा. आणि कुणाचा निरोप राहून गेला, तर त्याला माझ्यासारखे अडवून ठेवू नका.

आज ऊन आले. पत्र्यावर, तारेवर, गवतावर, मग माझ्यावर. आवाज झाला नाही.

नळोबा भडका उडाला त्याच सकाळी मेला होता.