हलकी पिशवी

"काका, आज पिशवी अगदीच हलकी आहे हो!" खिडकीतली बाई म्हणाली आणि पिवळी पिशवी गाठीला धरून तिनं हातावर तोलून पाहिली.

टेलरकाका कट्ट्यावर दोन्ही हात ठेवून उभे होते. "उलट्या कमी झाल्यात ना," ते म्हणाले. "ग्लोव्हज फार लागत नाहीत आता."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

म्हटलं होतं खरं. पण ज्यांच्या उलट्या कमी झाल्या होत्या त्या काकूंना जाऊन दीड महिना होत आला होता, आणि पिशवीतले हातमोजे घालून काकांनी घरातली भांडी घासली होती.

ही खिडकी हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, धोबीखान्याच्या शेजारी. कॅन्सरची औषधं घरी घेणाऱ्यांनी आपला कचरा दर मंगळवारी इथं आणून द्यायचा, असा नियम. वापरलेले हातमोजे, बोळे, अंथरुणावरचे कागद, सगळं दोन पिशव्यांत घट्ट बांधून. घरच्या कचऱ्यात यातलं काही टाकायचं नाही. इथून ते थेट मोठ्या भट्टीत जायचं. पुढच्या दारानं हॉस्पिटलात येणाऱ्याला ही खिडकी आहे हेसुद्धा ठाऊक नसतं.

काकूंची औषधं सुरू झाली तेव्हा एक सिस्टर घरी येऊन सगळं शिकवून गेली होती. औषध दिल्यावर दोन दिवस तरी ते अंगातून बाहेर पडत असतं, म्हणून साफसफाई करताना हातमोजे घालायचेच. काढताना एका मोज्याची मनगटाकडची कड बाहेरून चिमटीत धरायची आणि तो उलटा करत सोलायचा. तो मुठीत ठेवून दुसऱ्याच्या आतून बोट घालायचं आणि तोही उलटवायचा, म्हणजे पहिला दुसऱ्याच्या पोटात जातो आणि घाण बाजू आत राहते. "जमेल ना काका?" सिस्टरनं विचारलं होतं. काका हसले होते. जन्म गेला कॉलरी उलटवण्यात, त्यांना हे काय शिकवायचं?

चूक झाली ती दुसरीकडेच. नियम साफसफाईपुरता होता आणि दोन दिवसांपुरता होता, पण काकांच्या दुकानात कापड कधी अंगासरशी कापलं गेलं नव्हतं. शिवणीत चार बोटं जास्तीची ठेवायची सवय. त्यांनी नियमालाही तशीच माया सोडली. आठवडाभर हातमोजे. पाणी द्यायला हातमोजे, उशी सारखी करायला हातमोजे, कपाळाला ताप बघायलाही हातमोजे. काकूंच्या जिभेला हाड कधीच नव्हतं आणि आजारपणानंही ते आलं नाही. "काय माणूस आहे बाई," त्या म्हणायच्या. "जन्मभर परक्या बायकांची मापं उघड्या हातानं घेतली, आणि स्वतःच्या बायकोला हात लावायचा तर रबर चढवतोय!" काका हसायचे आणि नवी जोडी चढवायचे. भीत होते ते. आपण आजारी पडलो तर हिच्याकडं कोण बघणार, या एकाच भीतीनं ते वागत होते, आणि हे त्यांनी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

एका पहाटे त्या झोपेतच गेल्या. मुलगा परगावाहून आला, सगळं निस्तरलं, "बाबा, चला माझ्याकडं," म्हणाला. काका म्हणाले, "बघू." मुलानंही दुसऱ्यांदा विचारलं नाही. तो गेल्यावर घरात काकूंच्या शेवटच्या आठवड्याची बांधलेली पिशवी तेवढी राहिली होती. ती द्यायला म्हणून ते मंगळवारी खिडकीवर गेले.

"काकू कशा आहेत?" बाईनं नेहमीसारखं विचारलं.

"बरी आहे," काका म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. आणि घरी परतताना त्यांच्या लक्षात आलं, की मुलगा गेल्यापासून आपण कुणाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

त्यानंतर काय, एकदा वाट मळली की पाऊल आपसूक पडतं. हातमोज्यांची खोकी उरली होतीच. काका ते घालून भांडी घासायचे, फरशी पुसायचे, मग शिकवल्याबरहुकूम उलटवून दोन पिशव्यांत बांधायचे आणि मंगळवारी स्वच्छ शर्ट घालून निघायचे. खिडकीवर त्यांच्या सांगण्यात काकूंना आधी झोप लागू लागली, मग त्या दोन घास खाऊ लागल्या, परवा तर खुर्चीत बसल्या. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण त्या मांजरालाही दूध खरोखरीचं असतं. काकांना हे कळत होतं. पण त्या खिडकीवर उभं असेपर्यंत घरी कुणीतरी आहे असं वाटायचं, आणि ते वाटणं सोडवत नव्हतं.

"काका," आज बाई पिशवी खाली ठेवून म्हणाली, "खरं सांगू? माझ्या खिडकीत पिशव्या जडच होत जातात. मग एका मंगळवारी माणूस यायचं बंद होतं. मी समजते. हलकी होत गेलेली ही पहिलीच. मला काकूंना बघायचंय."

काकांनी कट्ट्यावरचे हात मागे घेतले. "तिला... अजून माणसं सोसत नाहीत."

"दारातूनच बघीन. पत्ता आहे माझ्या वहीत. माझी मावशी तुमच्याच गल्लीच्या टोकाला राहते. रविवारी तिच्याकडं आले की डोकावते." मागच्या माणसानं घसा खाकरला, तशी तिनं पुढची पिशवी घ्यायला हात लांब केला.

पुढचे दिवस काकांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. रविवारी घराला कुलूप लावून बाहेर जावं, असं त्यांनी दहादा ठरवलं. मग वाटायचं, बिचारी जिना चढून येईल आणि कुलूप बघून परत जाईल. आजवर या घरी कुणाला आपण होऊन यावंसं वाटलं होतं? शेवटी रविवारी त्यांनी दोन कप धुवायला घेतले. आणि दारावर थाप पडली तेव्हा ते हातमोजे घातलेल्या ओल्या हातांनीच दार उघडायला गेले.

बाई एप्रन नसताना लहान वाटत होती. तिच्या हातात फुलं होती. ती हळू आवाजात म्हणाली, "झोपल्यात का?" आणि काकांच्या खांद्यावरून तिनं आत पाहिलं.

आतल्या पलंगावर गादी नव्हती. नुसत्या फळ्या होत्या, आणि त्यांच्यावर हातमोज्यांची दोन खोकी ठेवलेली होती.

बाई आत आली. दाराजवळच्या स्टुलावर बसली. "कधी?"

"तुला पहिल्यांदा पिशवी हलकी लागली," काका म्हणाले, "त्याच्या आधीच्या आठवड्यात." आणि मग, कुणी न विचारता, "गेली ती," असं त्यांनी मोठ्यानं म्हटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

बाई बोलली तेव्हा तिचा आवाज चढला होता. "मी सगळ्यांना सांगितलं काका. खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला. एक मुलगी आईची पिशवी घेऊन येते, रडत असते. तिला म्हटलं, रडू नकोस, एक काकू आहेत, बऱ्या होतायत, पिशवी बघ त्यांची. ती हल्ली हसते मला बघून. आता तिला काय सांगू?"

काकांना वाटलं होतं, खोटं आपलं आहे, आपल्यापुरतं आहे. ते असं चार घरी जाऊन बसलं असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. "चुकलं माझं," ते म्हणाले.

"आणि ते काढा आधी," बाई त्यांच्या हातांकडं बघत म्हणाली. "भांड्यांचे आहेत ना? साध्या कचऱ्यात टाका. भट्टीत जागा कमी पडते आमच्या, खऱ्या पिशव्या खोळंबतात. त्यांच्यात काही नाही काका. काही नाही त्यांच्यात."

काकांनी एक मोजा उलटवला, तो मुठीत धरून दुसरा उलटवला. मोरीजवळच्या डब्याचं झाकण उघडून ते थोडा वेळ उभे राहिले. मग जोडी आत टाकली, कपड्याच्या चिंध्यांवर.

बाई उठली होती. फुलं कुठं ठेवावीत ते तिला कळेना, म्हणून तिनं ती शिवणयंत्राच्या फळीवर ठेवली. दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. राग उतरला नव्हता, पण पायही निघत नव्हता.

"निदान कशा होत्या ते तरी सांगा," ती म्हणाली. "इतके दिवस विचारत होते मी त्यांच्याबद्दल. कधी बघितलंसुद्धा नाही."

काका गोंधळले. फोटो दाखवावा असं त्यांना सुचलं नाही. त्यांना माणूस सांगता यायचा तो एकाच रीतीनं. "गळा अरुंद," ते म्हणाले. "बाही कोपरापर्यंत लागायची, आखूड चालायची नाही. उंचीला तुझ्यापेक्षा जरा कमी." ते थांबले. "आणि उजवा खांदा उतरता होता. मी दर वेळी आतून पट्टी घालायचो, पातळशी. तिला कधी कळू दिलं नाही. जन्मभर तिला वाटत होतं, आपले दोन्ही खांदे सारखे आहेत."

"किती उतरता?" बाईनं विचारलं.

काकांनी हात वर केला. हवेत एका जागी आणला, जरा खाली घेतला, तळवा किंचित तिरपा केला. "एवढा," ते म्हणाले, आणि हात तसाच धरून उभे राहिले.