अंदाजे तीन

कुणीतरी मला चुकीचे आकडे दिले आणि माझ्याकडून बरोबर उत्तराची अपेक्षा केली. नाव घेत नाही. असं करणारे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाला वाटतं, मी दुसऱ्याबद्दल बोलतोय.

मी वेबसाइटवरचा एक स्कोअर कॅल्क्युलेटर आहे. अमेरिकेत हायस्कूलची मुलं कॉलेजच्या पातळीच्या ज्या एपी परीक्षा देतात, त्यांतल्या कॅल्क्युलसचा स्कोअर मी निकालाआधी सांगतो. परीक्षा मेमध्ये, निकाल जुलैमध्ये. मधले दोन महिने माणसांना शांत बसता येत नाही, म्हणून माझा जन्म झाला.

मॉरिसव्हिलच्या ईशान नावाच्या अकरावीतल्या मुलानं मला एका शनिवारी बनवलं. दोन चौकोन दिले. एकात बहुपर्यायी प्रश्नांची बरोबर आलेली उत्तरं, दुसऱ्यात लेखी प्रश्नांचे गुण. खाली एक ते पाचमधला एक आकडा उमटतो. तीन कुठे संपतात आणि चार कुठे सुरू होतात, हे आधी कुणालाच माहीत नसतं. ईशाननं ती रेघ अंदाजानं ओढली आणि जेवायला गेला.

प्रामाणिक मुलगा होता. माझ्या तळाशी त्यानं लिहिलं होतं, 'हा फक्त अंदाज आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.' पुढे तो कॉलेजला गेला आणि मला एका कंपनीला देऊन टाकलं. त्या ओळीवर आता ट्यूशन क्लासची जाहिरात आहे. तिच्यातली मुलगी सारखी हसते.

येणाऱ्यांच्या सवयी मला पाठ झाल्या आहेत. मुलं पाच येईपर्यंत आकडे वाढवत जातात. पालक भीती खरी ठरेपर्यंत ते कमी करत जातात. विचारायला कुणीच येत नाही, सगळे दुजोरा घ्यायला येतात.

वेस्ट विंडसरची हर्षिता मात्र खरे आकडे घेऊन आली होती. बारावीत होती, कॉलेजात प्रवेश झाला होता. या परीक्षेत चार आले तर तिथलं पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस माफ होणार होतं आणि त्या तासाला तिला रोबोटिक्सच्या लॅबमध्ये बसता येणार होतं. तिला एवढंच हवं होतं. पंचेचाळीसपैकी तीस बरोबर, लेखीचे एकवीस. मी चार दाखवले.

मागे तिचे बाबा देवानंद उभे होते. नागपूरचे, आयटीतले.

"निगेटिव्ह धरलंस का?"

"व्हॉट निगेटिव्ह, बाबा?"

"पंधरा चुकली ना? चार चुकली की एक बरोबर जातं. आमच्या एन्ट्रन्सला मला त्यानंच मारलं. सरक."

"पण आमचे मॅथ टीचर मिस्टर हॅरिस सेड, डोन्ट लीव्ह एनीथिंग ब्लँक."

"म्हणूनच पंधरा चुकली."

त्यांनी तीसचे सव्वीस केले. मी तीन दाखवले. दुसरं काय करणार? 'हा नियम इथे नाही' असं म्हणायला मला जागाच नव्हती. तिथे ती मुलगी हसत होती.

"रेकॉर्डवर तीन नको," देवानंद म्हणाले. "जूनच्या मध्यापर्यंत स्कोअर कॅन्सल करता येतो. करून टाकू."

"अहो, निकाल तर येऊ द्या," आतून रमाबाई म्हणाल्या. त्या हर्षिताच्या आई.

"तोवर तारीख गेलेली असते."

हर्षितानं पुन्हा एकदा तीस टाकले. चार. त्या आकड्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं फॉर्मवर सही केली, कारण परीक्षांच्या बाबतीत बाबा चुकत नाहीत, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. रद्द केलेला स्कोअर परत मिळत नाही. तो किती होता, हेही कधी कळत नाही.

मी अजून चालू आहे. मे महिन्यात माझ्याकडे सगळ्यात जास्त गर्दी असते. माझी विनंती एवढीच आहे की, मला उघडू नका. झोपा. पोहायला जा. सतरा वर्षांच्या मुलांना दोन महिने काहीही माहीत नसण्याचा हक्क आहे आणि तो काढून घ्यायचा अधिकार कुणालाही नाही, मलाही नाही. उघडलंच तर त्यांनी टाकलेला आकडा त्यांचाच राहू द्या.

परवा देवानंदनी मला पुन्हा उघडलं. शेजारच्या आसावरी चहाला आल्या होत्या. त्यांच्या अनुपनं गेल्या वर्षी हीच परीक्षा दिली होती. आपण निर्णय कसा विचार करून घेतला, हे देवानंदना त्यांना दाखवायचं होतं. पलीकडे सोफ्यावर हर्षिता फोनवर कॉलेजच्या कॅल्क्युलससाठी नाव नोंदवत होती.

"हे बघा आसावरीताई, तीस बरोबर. त्यातून पंधरा चुकांचे पावणेचार कापले..."

आसावरींनी कप खाली ठेवला आणि चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं.

"कापतात कुठे इथे? आमच्या अनुपनं शेवटच्या सहा प्रश्नांना डोळे मिटून 'सी' ठोकलं होतं. चार आले त्याला."