विहीणबाईंचा रुसवा

माझ्या लग्नात सासूबाई रुसल्याच नाहीत, आणि आमच्या मांडवात एकच गोंधळ उडाला.

सन अडतीसची गोष्ट. आमच्या भोंगवलीत वरमाईनं पंगतीआधी एकदा रुसून बसायचं, ही रीतच होती. मग मुलीकडच्या वडीलधाऱ्या बाईनं हात जोडून चारचौघांत तिचा रुसवा काढायचा. मुलीकडच्यांनी दिवसभर मान खाली घालून वावरायचं. मनातलं बोलायची मुभा काय ती एवढ्याच वेळी. पोरीसाठी जे मागायचं ते तेव्हाच मागून घ्यायचं.

माझी आई मी तीन वर्षांची असताना गेली. ठकुआत्यानं मला वाढवलं. गावातल्या कितीतरी विहिणींचे रुसवे तिनं काढले होते, पण माझ्या लग्नातलं बोलणं ती महिनाभर घोकत होती. भाकरी थापताना, गोठा झाडताना ओठ चालूच. विचारलं तर खेकसायची, "तुला काय करायचंय?"

आणि आमच्या सासूबाई, बनाबाई! मार्गासनीहून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत आलेल्या. अक्षता पडल्या तशा पाय धुऊन सरळ पंगतीत बसल्या. "वाढा बाई, लई भूक लागलीया," म्हणाल्या आणि लापशीत हात घातलासुद्धा.

एक बाई कुजबुजली, "आपल्यावर रुसावं एवढी बी किंमत न्हाई व्हय आपली?" आत्याला मानापमानाचं काही नव्हतं. ती तांब्या घेऊन नुसती उभी होती. महिनाभर जपलेले शब्द आता बोलायचे तरी कुठं? तिचा चेहरा मला बघवेना.

नवरीनं बोलायचं नसतं. पण मी शेल्याची गाठ ओढली. नवरदेव दचकून वळले. त्यांच्याशी मी आयुष्यात बोललेलं पहिलं वाक्य हे, "तुमच्या आईस्नी रुसाया सांगा."

बिचारे! का म्हणून न विचारता उठले, आणि गाठीमुळं त्यांच्यामागं मीही ओढली गेले. ते आईच्या कानाला लागले. सासूबाईंनी घास गिळला, पत्रावळ बाजूला सारली, पाठ फिरवली आणि मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "म्या रुसले!"

आत्या धावली. "कशापायी, विहीणबाई?"

"ते तुमीच सांगा. आमच्याकडं रुसायची रीत न्हाई."

सगळा मांडव हसला. आत्यानं हात जोडले आणि घोकलेलं सारं विसरली. एवढंच म्हणाली, "आमच्या पोरीला एकटीला घास जात न्हाई. आई गेल्यापासनं न्हाई. तिला एकटीला जेवाया लावू नका."

हसणं थांबलं. सुनांनी सगळ्यांच्या मागून, चुलीपाशी एकटीनं जेवायचे ते दिवस.

सासूबाई वळल्या, माझा हात धरून म्हणाल्या, "बस हितं." आपल्याच पत्रावळीवर मला बसवलं. गाठीमुळं नवरदेवही बायकांच्या पंगतीत बसले आणि कानापर्यंत लाल झाले. "निघाला रुसवा. आता वाढा!"

पुढं एकतीस वर्षं आम्ही सासूसुना एका घरात नांदलो. भांडलो तर पुष्कळच. पण भांडण कितीही तापलेलं असो, भाकरी टोपल्यात पडल्या की सासूबाई चुलीपाशी बसून ओरडायच्या, "ये की गं लवकर, माझ्या पोटात कावळे ओरडाय लागलेत!" आणि मी जाऊन बसेपर्यंत घासाला हात लावायच्या नाहीत.