कोपऱ्यातले पोपटराव

तीन हजारांना प्रिंटर विकायचा आणि पुढं जन्मभर त्याची शाई साडेनऊशेला एक डबी अशा भावानं गळ्यात मारायची, हा धंदा ज्यानं काढला त्याला आमच्याकडच्या गुरांच्या बाजारात एकदा उभा करायला पाहिजे. बैल स्वस्तात घ्या, पण पेंड माझ्याच दुकानातली आणि माझ्याच भावानं, असं त्यानं तिथं म्हणून बघावं. लोकांनी त्याला बैलासकट वेशीबाहेर काढला असता. कंपनीपुढं मात्र आपण पैसे मोजतो आणि वर थँक्यू म्हणतो.

२००३ सालची गोष्ट. दौंडला कचेरीसमोर माझं टायपिंग, झेरॉक्स आणि पत्रिकांचं दुकान होतं. काळी कार्ट्रिज वर्षभरात सातशेवरून साडेनऊशेवर गेली. आत शाई किती, तर अम्मी डोळ्यांत सुरमा घालते त्याहून थोडी जास्त. शेवटी मी पुण्याहून ऐंशी रुपयांची सुट्या शाईची बाटली आणली, जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून एक जाड सुई मागून घेतली आणि रिकाम्या कार्ट्रिजला टोचायला लागलो. एका बाटलीत आठ वेळा भरायची. कागदावर फरक ओळखून दाखवा, असं मी गिऱ्हाइकांना पैजेवर सांगायचो. माझी दहाही बोटं काळी असायची, आणि अम्मी मला जेवताना चमचा द्यायला लागली होती.

त्या वैशाखात आमच्या खुटबावचा संपतमामा दुकानात आला. मामा म्हणजे नात्यातला नव्हे. शेजारच्या वस्तीवरचा, शेवंती-झेंडू लावणारा, माझ्या अब्बांचा दोस्त. त्याच्या शितलचं लग्न ठरलं होतं आणि अडीचशे पत्रिका छापायच्या होत्या. खिशातून त्यानं वहीचे चार कागद काढले. मुलीचं नाव, मुलाचं नाव आणि मुहूर्त पहिल्या पानावर चार ओळींत संपले होते. उरलेल्या तीन पानांवर भावकी होती. निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक आणि यापैकी कशातच न बसणारे पण रुसणारे, अशी एकूण एकेचाळीस नावं.

सगळ्यात अवघड नाव होतं पोपटरावांचं. ते संपतमामाचे सख्खे थोरले भाऊ, गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन. दोघांची घरं एका बांधावर, पण सहा वर्षं बोलणं बंद. कारण काय, तर पोपटरावांची म्हैस मामाच्या शेवंतीत शिरली होती. मामा म्हशीला जे बोलला ते म्हशीनं मनावर घेतलं नाही, पोपटरावांनी घेतलं. आता लग्नासाठी सिंधूमामी, म्हणजे संपतमामाची बायको, दोन्ही घरांत ये-जा करून बोलणी करत होती. पोपटराव यायला तयार झाले होते, पण अट घालून. भावकीच्या रांगेत मी उभा राहणार नाही, माझं नाव खाली उजव्या कोपऱ्यात, चौकटीत, सगळ्यांहून जाड अक्षरात पाहिजे.

मी हसलो. मामा हसला नाही.

"अजीम, बाकीची भावकी आली न्हाई तरी चालंल मला," तो म्हणाला. "दादा मांडवात उभा ऱ्हायला पायजे. शितल त्याच्या खांद्यावर मोठी झालीया. तिला निरोप द्यायला त्यो न्हाई आला, तर मी कुनाकडं बघू?"

मग मी पोपटरावांचं नाव असं जाड केलं की दुरून दुकानाची पाटी वाटावी. गणपती आधीच छापलेली कोरी कार्डं आणली, मजकूर माझ्या प्रिंटरवर काढला. बाटलीतली शाई पोपटरावांच्या चौकटीवर धो धो खर्च झाली. ऐंशी रुपयांची बाटली, म्हणून मीही हात आखडला नाही. प्रत्येक कार्ड वाळवलं, त्यावरून बोट फिरवून पाहिलं. पुसटसुद्धा झालं नाही. मोठ्या ऐटीत गठ्ठा बांधून दिला.

बोट कोरडं होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

जन्मल्यापासून आमच्या घरी गावाच्या पत्रिका येतात. प्रत्येकीच्या कोपऱ्यांना ओलं हळदीकुंकू लावलेलं असतं. लहानपणी मी ते नखानं खरवडत बसायचो. तरीही, अस्सल काळी शाई पाण्याला दाद देत नाही आणि बाटलीतली पाणी बघताच गावभर पळते, एवढा साधा विचार मला शिवला नाही. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

संध्याकाळी सिंधूमामीच्या ओसरीवर बायका बसल्या. वाटीत कुंकू कालवलेलं, गप्पा रंगात आलेल्या, आणि बोटं आपोआप चालत होती. पहिला मान थोरल्या दिरांचा, म्हणून पोपटरावांची पत्रिका सगळ्यांत आधी कुंकू लावून ओलीच त्यांच्या घरी पोचवली. तासाभरानं मामीचं लक्ष गठ्ठ्याकडं गेलं तेव्हा कुंकू लावलेल्या प्रत्येक पत्रिकेच्या उजव्या कोपऱ्यात पोपटरावांच्या जागी काळा लगदा झाला होता. तीन कोपरे लाल-पिवळे, चौथा काळा. आमच्याकडं काळ्या कोपऱ्याचं पत्र आलं की माणसं न वाचताच विचारतात, कोण गेलं.

पोपटरावांना विचारायची गरज पडली नाही. कोण गेलं ते त्यांना कळलं होतं. त्यांनी परत निरोप धाडला, की बाकीची चाळीस नावं धड आणि माझ्या एकट्याच्या तोंडाला काळं, म्हणजे संपतनं सहा वर्षांचा दावा साधला. मी लग्नाला येत नाही.

संपतमामानं रात्री फोन केला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला की शितल जेवली नाही.

सकाळी कुंकू न लावलेली एक पत्रिका घेऊन मी पोपटरावांच्या अंगणात गेलो. आप्पा, सगळा गाव त्यांना असंच म्हणायचा, बाजेवर बसले होते, खांद्यावर पांढरंशुभ्र उपरणं, शेजारी पाण्याचा तांब्या. मी सगळं कबूल केलं. कार्ट्रिजचा भाव, बाटली, गुरांची सुई. आप्पा, मामाला यातलं काहीच ठाऊक नाही, त्याच्याकडून मी पैसे पूर्ण घेतलेत आणि शाई स्वस्तातली वापरली, असंही सांगितलं.

"तुला त्यानंच पढवून धाडलंय," आप्पा म्हणाले. "शाई पुसती तर माझंच नाव बरं पुसलं?"

मी म्हटलं, कुणाचंही पुसून बघा. पत्रिका त्यांच्या हातात दिली.

त्यांनी तांब्यात बोट बुडवलं आणि थेट धाकट्या भावाच्या नावावर ठेवलं. एकदा घासलं, संपतराव गेले. आप्पांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मला भीती वाटली. मग ते भावकीकडं वळले. ज्यानं सोसायटीच्या निवडणुकीत पाडलं तो चुलत भाऊ गेला. ज्यानं रस्ता अडवला तो गेला. म्हस्कू नावाच्या एका व्यवस्थापकावर त्यांनी दोनदा बोट फिरवलं. दर खेपेला ताजं पाणी, आणि प्रत्येकाला तोंडातल्या तोंडात एक वेगळी शिवी. पाचच मिनिटांत सगळी भावकी एका काळ्या डबक्यात एकत्र आली, जी एरवी कुणाच्याही लग्नात येत नाही.

आपली कामगिरी नीट दिसावी म्हणून आप्पांनी पत्रिका उजेडात उचलली आणि मागं कलती केली. तसं ते काळं पाणी उलटं निघालं. संपतमामाचं नाव होतं तिथून वर सरकलं. त्याच्या वरच्या ओळीत चि. सौ. कां. शितल होती.

आप्पांनी खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि पाण्यावर दाबलं. दोन्ही हातांनी दाबून धरलं. पांढऱ्या उपरण्यावर काळा डाग मोठा होत गेला, तरी त्यांनी हात काढला नाही. बऱ्याच वेळानं एक टोक उचलून खाली पाहिलं. शितलच्या नावाचा पहिला 'श' थोडा फुगला होता, बाकी नाव शाबूत होतं.

मी म्हणालो की सगळ्या पत्रिका उद्याच्या उद्या अस्सल शाईत, माझ्या पैशानं छापून देतो, तुमची चौकटही पुन्हा टाकतो. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते उठले, पायात वहाणा सरकवल्या आणि बांधावरून चालायला लागले. मी मागं मागं पळालो.

संपतमामा अंगणात शेवंतीच्या पाट्या बांधत होता. आप्पा फाटकातच थांबले आणि वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"संप्या, गाढवा, पोरीची पत्रिका छापून आणली आन् पान्याचा हात लावून बघितला न्हाईस व्हय रं? अक्कल कवा यायची तुला?"

चूक माझी होती, शिवी मामानं खाल्ली. सहा वर्षांत त्या तोंडून संप्या हे नाव निघालं नव्हतं. मामाच्या हातातली सुतळी सुटली. तो फुलांच्या पाट्यांमध्ये खाली बसला आणि पोरासारखा रडायला लागला. आप्पा त्याच्यासमोर उभे राहून आणखी शिव्या देत राहिले. थांबले असते तर त्यांनाही रडू आलं असतं.