ससेवालीचा नारिंगी चाकू

मित्रांनो, मी एक जुना चाकू आहे, आणि तोही स्वस्तातला. माझी मूठ नारिंगी प्लॅस्टिकची आहे आणि पाते करंगळीपेक्षा थोडेसेच लांब. सध्या मी एका कपाटाच्या माथ्यावर, कुकरच्या रिकाम्या खोक्यामागे पडून आहे. माझ्या हातून एका माणसाला इजा झाली. चूक माझी होती की नव्हती, हे मला अजून उमगलेले नाही, म्हणून तुम्हाला सगळे पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाच्या एका पत्र्यातून यंत्राने आम्हा शेकडो भावंडांना एका दमात कापून काढले. कुणी माझ्यावर नक्षी काढली नाही की नाव कोरले नाही. दुकानात आम्हाला एका डब्यात उभे कोंबले होते. शेजारच्या काचेच्या कपाटात शिंगाच्या मुठीचे चाकू मखमलीवर निजलेले असत. गिऱ्हाइके त्यांच्याकडे बघत उभी राहायची आणि आमच्या डब्यावर पिशव्या टेकवायची.

एके दिवशी एक बाई आली. घरामागच्या अंगणात ती ससे आणि लावे पक्षी पाळायची आणि साफ करून खानावळींना विकायची. सगळी गल्ली तिला ससेवाली म्हणे. नवरा गेल्यापासून हा धंदा तिने एकटीने ओढला होता. लेकीचे शिक्षण आणि लग्नही त्यावरच केले होते. तिचा आधीचा चाकू घासून घासून सुईसारखा झाला होता.

दुकानदाराने प्रथम शिंगाच्या मुठीचा घडीचा चाकू काढला. तिने तो उघडला, सांध्यात नख घालून पाहिले आणि परत दिला. त्या फटीत रक्त आणि केस अडकले की धुऊन निघत नाहीत, असे तिचे म्हणणे. मग लांब पात्याचा आला. सशाचे पोट पातळ असते, लांब टोक सरळ आतड्यात शिरते, म्हणून तोही बाजूला गेला. पाठीला आकडा असलेला एक होता, तो मोठ्या जनावरांसाठी. शेवटी तिने आमच्या डब्यात हात घातला आणि मला उचलले. तर्जनी माझ्या पाठीवरून टोकापर्यंत नेली. मग चक्क पाणी मागितले आणि तळहात ओला करून मला पुन्हा धरले. मी निसटलो नाही.

“मावशी, तो अगदी साधा आहे. धार लवकर जाईल त्याची,” दुकानदार म्हणाला.

“जाऊ दे की. मऊ लोखंड आहे, घरच्या दगडावर परत येईल.”

शिंगाच्या मुठीच्या एका चाकूच्या किमतीत माझ्यासारखे सहा आले असते. तिने एकच घेतला.

पुढची सात वर्षे मी तिच्या हातात घालवली. माझे काम ऐकून तुम्ही नाक मुरडाल, पण त्यात फार नाजूकपणा लागतो. पोटाचे कातडे दोन बोटांनी उचलायचे, माझे टोक वर ठेवून हलकेच पुढे सरकायचे, आणि कलेजीला चिकटलेली पित्ताची इवलीशी पिशवी अख्खी काढायची. ती फुटली तर सगळे मांस कडू. काम संपले की ती मला साबणाने धुवायची, कोरड्या फडक्याने पुसायची आणि रविवारी दगडावर धार लावायची. खानावळवाला लोकांना सांगे, मावशीच्या मालात एक केस सापडला तर माझे नाव बदला. ते ऐकून ती नुसती मान हलवी. माझ्या अंगावर मात्र मूठभर मांस चढे!

मग काहीतरी बिघडू लागले. फळीवर ठेवलेला मी हाताशीच असूनही ती मला चाचपडू लागली. रविवारचा दगड कोपऱ्यात तसाच राहू लागला. एकदा तिने धार लावायला घेतली, पण पाते दगडावर कधी आडवे पडे, कधी उभे. तिने मला खाली ठेवले आणि बराच वेळ डोळे चोळत बसली. मी बोथट झालो. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला चाकू कुठे जाईल याचा नेम नसतो.

एका आठवड्यात खानावळवाल्याने तीन ससे परत आणले. तो भांडला नाही. मान खाली घालून म्हणाला की मांस कडू लागतेय. चाऱ्यात काहीतरी आले असेल, असे तिने सांगितले. ते खरे नव्हते. पिशवी माझ्याच टोकाने फुटली होती, आणि तिला ती दिसलीच नव्हती. लेकीचा फोन आला तेव्हा मात्र, सगळे झकास चाललेय, म्हणाली. लेक कधीपासून तिला आपल्या घरी बोलावत होती. डोळ्यांचे कळले असते तर दुसऱ्याच दिवशी टेम्पो दारात उभा राहिला असता.

आणि तो दिवस आला. सशाच्या बरगडीवरून मी घसरलो आणि तिच्या डाव्या अंगठ्याच्या बुडात खोल गेलो. तिने जखमेवर चिंधी गुंडाळली आणि काम पुरे केले. मी तसाच रक्ताच्या बादलीत राहिलो आणि गंजलो. तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, अंगात ताप भरला. शेजारणीने लेकीला कळवले.

लेकीने आईला दवाखान्यात नेले आणि मलाही पिशवीत गुंडाळून घेतले, डॉक्टरांना गंज दाखवायला. डॉक्टरांनी पू काढला, इंजेक्शन दिले. लेक रडत होती आणि रागावतही होती. एवढी वर्षे राबलीस आणि चाकू घेताना काटकसर केलीस, असल्या भिकार वस्तूंनी माणसाचा जीव जातो, असे बरेच काही बोलली. मी टेबलावर पडून ऐकत होतो.

आईने हात वर करून तिला थांबवले. मग म्हणाली, “त्याला नावं ठेवू नकोस. चाकू चांगला आहे. मला दिसत नाही.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली.”

डॉक्टरांनी तिच्यासमोर बोटे धरली, मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. काचबिंदू निघाला. एक डोळा जवळजवळ गेला होता, दुसऱ्यात थोडी नजर शिल्लक होती. औषधाने ती टिकेल, गेलेली परत येणार नाही. वेळेवर आल्या असतात तर दोन्ही वाचले असते, असे म्हणून त्यांनी औषधाची चिठ्ठी लिहिली.

ससे, लावे, पिंजरे, सगळे खानावळवाल्याने नेले. ती लेकीकडे राहायला आली. येताना तिने मला कपड्यांच्या घडीत लपवून आणले. लेकीला मी सापडलो. तिने मला इथे वर ठेवले आणि आईला सांगितले की टाकून दिला. लेक वाईट नाही. ती घाबरली आहे. आता कांदा चिरायलाही ती आईला हात लावू देत नाही.

मित्रांनो, घरातला चाकू स्वस्त असो की महाग, तो धुवा, कोरडा करा, त्याची धार सांभाळा. आणि घरातले मोठे माणूस वस्तूंसाठी चाचपडू लागले, तर वस्तूला दोष देण्याआधी त्याच्या शेजारी बसून विचारा. दोन वर्षे तिला हे कुणी विचारले नाही. मी विचारले असते, पण मला वाचा नाही.

काल दुपारी ती एकटीच स्वयंपाकघरात आली. ओट्यावरून हळूहळू हात फिरवत या कपाटाशी थांबली. हात वर केला असता तर मी तिला सापडलो असतो. तिच्या हाताला ओले फडके लागले. तिने ते घट्ट पिळले, सगळा ओटा कोपऱ्याकोपऱ्यातून पुसला, फडके वाळत घातले आणि जाऊन खुर्चीत बसली.