येईन तर गाडीनेच

भालूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा विष्णू अंगणात गाडीखाली उताणा पडलेला होता. "बरं," एवढंच म्हणून त्याने फोन बायकोकडे सरकवला आणि अर्धवट बसलेला नट पुरता आवळला. शकूला वाटलं, ह्यांना नीट ऐकू आलं नसेल. ऐकू आलं होतं. आत कुठे पोचलं मात्र नव्हतं.

थोड्या वेळाने दोघं पेणच्या स्टँडवर उभी होती. रोह्याची एस.टी. लागली, पण विष्णूचा पाय पायरीवर टेकेना. "अहो, चढा ना," शकू मागून म्हणाली. पाय का टेकत नाही हे तिला ठाऊक होतं. रोह्याच्या घरी येईन तर आप्पांच्या गाडीनेच, अशी शपथ घेतलेला माणूस दहा-अकरा वर्षांनी सख्ख्या भावाच्या दारी निघाला होता, आणि तोही एस.टी.ने.

ही शपथ वाटणीच्या दिवसाची. वडील, म्हणजे आप्पा, गेल्यावर जमीन सरळ वाटली गेली. घोडं अडलं ते घरातल्या सामानावर. मामांनी तोडगा काढला की एकाने एक वस्तू बोलायची, मग दुसऱ्याने एक. तांब्याचा बंब, झोपाळा, भिंतीवरचं घड्याळ असं करत पाळी विष्णूवर आली आणि तो बोलून गेला, "गाडी." गाडी म्हणजे आप्पांची पांढरी फियाट. ती तेव्हाही बंदच होती, पण चालू असताना आप्पांना तिच्यातून गावोगाव फिरवलं होतं ते थोरल्या भालूदादाने. विष्णूला तर धड मागेसुद्धा घेता येत नव्हती. दादाचा तिच्यावर जीव आहे हे सगळ्या घराला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच विष्णूने ती मागितली. धाकट्यांना कधी कधी अशी दुर्बुद्धी सुचते.

दादाचा चेहरा हलला नाही. आपल्या पाळीला तो शांतपणे म्हणाला, "स्टेपनी. आणि स्पेअरपार्टची पेटी."

मामा हसले, दोन्ही मिळून एकच वस्तू धरू म्हणाले. दाराआड बायका हसल्या. दोघे भाऊ तेवढे हसले नाहीत.

टेम्पोमागे बांधून गाडी निघाली तेव्हा दादा ओट्यावर उभा होता. "तुझ्याच्याने ती चालू व्हायची नाय, विष्णू."

"ह्या घरी पुन्हा येईन तर हिच्यातूनच येईन. स्वतः चालवत."

"ये की. चाक आणि पेटी मी त्या गाडीतच ठेवीन. हातात नाय देणार."

भांडण म्हणाल तर एवढंच. मिटायला गाडी चालू व्हायचीच काय ती खोटी होती.

पण जुनी गाडी दुरुस्त करणं म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. तळाचा पत्रा कोकणच्या दमट हवेने खाल्लेला होता, तो जोडून घेतला तर वेल्डिंगच्या ठिणग्यांनी सीट जळली. सीट शिवून येईपर्यंत उंदरांनी वायरिंग कुरतडलं. नवं वायरिंग घातलं तर ब्रेक घट्ट बसले, ब्रेक सुटले तर रेडिएटर गळायला लागला. शेजारी गणपतीचा कारखाना. मूर्ती घासल्या की पांढरी भुकटी उडून उघड्या इंजिनावर बसायची, आणि पुढचा महिना ती पुसण्यात जायचा. हमरस्त्याचं काम आधी पुरं होतं की सरांची गाडी, अशी पैज शाळेतल्या मास्तरांनी लावली होती. विष्णू विज्ञान शिकवायचा. तो निवृत्त झाला, पैज तशीच राहिली.

एकदा मात्र इंजिन खरंच सुरू झालं, आणि चांगलं पाचेक मिनिटं चालू राहिलं. शकू पीठ मळता मळता धावत बाहेर आली. "चला, अशीच नेऊ या रोह्याला."

"अशी? हॉर्न वाजत नाय, एक दार लागत नाय. दादा दात काढील."

"काढू देत की. त्यांचे दात तरी दिसतील."

विष्णूने ऐकलं नाही. त्याला गाडी अशी न्यायची होती की दादाला नाव ठेवायला जागा उरू नये. तो दार नीट करत बसला, आणि दार नीट होईतो पेट्रोल ओढणारा पंप गेला. गॅरेजवाला हर्षद म्हणाला, "काका, ह्याचा पंप आता मिळायचा नाय. कोणाच्या घरात जुना पडून असंल तरच." कोणाच्या घरात पडून आहे ते विष्णूला पक्कं ठाऊक होतं. आप्पांनी एक जास्तीचा पंप घेऊन ठेवला होता, आणि तो रोह्याला त्या पेटीत, तेलकट फडक्यात गुंडाळलेला होता. फोन उचलून मागायचीच काय ती गरज होती. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर सुंभही धडधाकट होता. पंपावाचून गाडीची तीन वर्षं गेली. आणि मग दादा गेला.

रोह्यात विष्णूने सगळं रीतीप्रमाणे केलं. खांदा दिला, कुंडलिका नदीच्या घाटावर उभा राहिला, आल्यागेल्याला हात जोडले. रडू काही आलं नाही. लोकांना वाटलं, जुनं मनात धरलंय. मनात काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. दाताला भूल दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं त्याला स्वतःबद्दल वाटत होतं. आपल्याला वाईटसुद्धा वाटत नाही याची मात्र त्याला भीती वाटायला लागली. एकाच आईच्या पोटचा भाऊ, आणि डोळ्यांत टिपूस नाही!

तेरावं झाल्यावर वत्सलावहिनी म्हणाल्या, "भावजी, ते चाक आणि पेटी जिन्याखाली हाय. आता घेऊन जा. मी रिक्षा बोलावते."

"नको, वहिनी. गाडीतच ठेवायचं असं ठरलंय."

"ठरवणारा गेला हो."

"म्हणून तर," विष्णू म्हणाला.

पेणला परतल्यावर तो रोज अंगणात खुर्ची टाकून गाडीसमोर बसायचा. पाना हातात घ्यायचा नाही. शकू चहा आणून ठेवायची आणि थंड झालेला परत न्यायची. असाच बसलेला असताना एका सकाळी त्याने पाय धुवायला नळ सोडला. पाणी आलं. त्याने वर पाहिलं, गच्चीवर टाकी होती. टाकी वर, नळ खाली. मधे पंप कशाला लागतो? हा धडा त्याने सातवीला जन्मभर शिकवला होता.

तो उठला. प्लॅस्टिकचा डबा आणला, गाडीच्या टपावरच्या कॅरियरला करकचून बांधला, त्याला नळी लावली आणि ती बॉनेटमधून थेट कार्बुरेटरला जोडली. डब्यात पेट्रोल ओतलं. दुपारपर्यंत इंजिन धडधडायला लागलं. हे तीन वर्षांपूर्वीही करता आलं असतं. कदाचित सुचलंही असेल, पण डोक्यावर डबा बांधलेलं ध्यान दादापुढे न्यायची त्याची तयारी नव्हती. आता हसायला कोणी उरलं नव्हतं.

शकू न सांगता पातळ बदलून आली आणि शेजारी बसली. तिच्या बाजूचं दार पुन्हा लागेना, तेव्हा दोरीने बांधलं. हर्षदने डब्याकडे पाहून कपाळाला हात लावला. "सावकाश न्या, काका. आणि वाटेत कोणाला विडी पेटवू देऊ नका."

वडखळ गेलं, कासू गेलं. मागचे ट्रक हॉर्न मारत पुढे निघून जात होते. नागोठण्याला चहाच्या टपरीवरची माणसं टपाकडे बोट दाखवून खदाखदा हसली. ज्या हसण्याच्या धाकाने त्याने इतकी वर्षं घालवली ते हे असं होतं, आणि त्याला त्याचं काहीही वाटलं नाही. वाटेत एकदा थांबून त्याने डबा भरला. बाकी दोघं बोललीसुद्धा नाहीत. वरातीमागून घोडं निघालं होतं, त्यात बोलायचं काय?

रोह्याला घरापुढे गाडी थांबली. हॉर्न वाजत नव्हताच, पण इंजिनाच्या आवाजाने वहिनी बाहेर आल्या. त्यांनी गाडी पाहिली, टपावरचा डबा पाहिला, दोरीने बांधलेलं दार पाहिलं.

"ह्यांना अशीसुद्धा चालली असती हो, भावजी," त्या म्हणाल्या.

विष्णूने मान हलवली. मग तो जिन्याखालून पेटी घेऊन आला आणि मागे वहिनी चाक गडगडवत आल्या. चाकाला सुकलेल्या झेंडूचा दोरा अडकलेला होता.

"हे काय?"

"दसऱ्याचा हार. घरात दुसरं वाहन नाय, म्हणून दर दसऱ्याला स्टेपनीला हार घालायचे. त्याच्या आधी चाक पुलावरून गडगडवत पलीकडच्या अष्टमी गावात न्यायचे, हवा भरून आणायचे. लोक हसायचे. मी म्हणायची, जिन्याखालच्या चाकाला हवा कशाला? तर म्हणायचे, विष्णू कधी येईल सांगता येत नाय. ह्या वर्षी दसऱ्यापर्यंतसुद्धा थांबले नायत. आषाढातच जाऊन आले. अंगात ताप होता."

 पेणला विष्णूही दर दसऱ्याला बंद गाडीला हार घालत आला होता. त्याने डिकी उघडली, पेटी आत सरकवली. चाक उचलून त्याच्या रिकाम्या जागेत बसवलं. ते तिथलंच होतं, एका धक्क्यात बसलं.

झालं. शपथ पुरी झाली, आणि आतून अजून काही हलत नव्हतं.

हाताला काहीतरी काम हवं म्हणून, हवा बघावी म्हणून, त्याने व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि नखाने पिन दाबली. फुस्स करून हवा सुटली. रबराचा कोंदट वास आला. आणि विष्णूने एकदम दचकून व्हॉल्व्हवर अंगठा दाबून धरला.

"अहो, काय झालं?" शकू पुढे आली.

"दादाने भरलेली आहे," तो म्हणाला.

पिन सोडली की व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो, हे विज्ञानाच्या मास्तराला ठाऊक होतं. पण अंगठा काही त्याच्याने काढवेना. तसाच, डिकीत ओणवा होऊन, तो मोठ्याने रडायला लागला.