तिसऱ्या बाकावरची जागा

पेटीबाई बसल्या आणि लगेच उठल्या. स्टूल कुणीतरी बोटभर पुढे सरकवलं होतं. पायपेटीच्या पांढऱ्या पट्ट्या लख्ख पुसलेल्या होत्या. गेली सत्तावीस वर्षं या पट्ट्यांना त्यांच्याखेरीज कुणाचं फडकं लागलं नव्हतं.

"मावशी, धूळ होती, म्हणून मीच पुसल्या," शेजारी उभी असलेली मुलगी म्हणाली.

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. लवकर आले होते."

ही मुलगी दाताच्या डॉक्टरांकडे नावं लिहून घ्यायला बसायची. तीन महिन्यांपूर्वी ती चर्चच्या मंडळीत आली आणि दुसऱ्याच रविवारी 'मी पानं उलटू का?' म्हणून पेटीपाशी येऊन उभी राहिली. पेटीबाई घरी तिला दातवाली म्हणत. दातवाली सारखी हसायची. सारखं हसणाऱ्या माणसांवर पेटीबाईंचा विश्वास नव्हता.

त्या दिवशी पाळकसाहेबांनी उदारपणावर उपदेश केला. ते म्हणाले, "मूठ आवळलेल्या हाताला देताही येत नाही आणि घेताही येत नाही." पेटीबाईंनी मान डोलावली. आपल्या आवळलेल्या मुठीचं कारण मात्र वेगळं आहे, असं त्यांना वाटलं. त्यांची बोटं हल्ली सकाळी उघडतच नसत.

घरी आल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, कुठंतरी पाणी मुरतंय. कुणी उगीच कुणाचं काही करत नाही."

बसडेपोतून निवृत्त झालेला नवरा पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाला, "तू सत्तावीस वर्षं उगीचच वाजवतेस की."

"माझं वेगळं आहे."

"हो, ते आहेच. आपलं ते नेहमी वेगळंच असतं."

पेटीबाईंनी लक्ष ठेवायला सुरुवात केली. दातवालीने सांध्यांना चोळायचं तेल आणून दिलं, म्हणजे बोटं आखडतात हे हिला कळलं होतं. ती दोनदा पाळकसाहेबांच्या खोलीतून बाहेर पडताना दिसली, म्हणजे ते आता तिकडेही पोचलं होतं. पेटीबाईंनी चालींचं पुस्तक चर्चच्या कपाटातून काढून घरी आणून ठेवलं. बघू आता सराव कशी करते! पुढच्याच रविवारी दातवालीच्या पिशवीत एक जाडजूड वही दिसली. सगळ्या चाली हाताने उतरवलेल्या, टपोऱ्या अक्षरांत. पेटीबाईंची नजर पडताच तिने वही घाईघाईने आत सारली.

त्या दिवशी दुसऱ्या गीताला पेटीबाईंचं बोट दोन पट्ट्यांच्या मध्ये पडलं. पेटी भलतीच किंचाळली. पुढच्या बाकावर कुणीतरी वळून पाहिलं. दातवालीने शांतपणे पान उलटलं आणि खालच्या आवाजात म्हटलं, "चाललंय, मावशी, चाललंय."

त्यांना ते शिवीसारखं लागलं.

आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही, म्हणून शनिवारी दुपारी पेटीबाई स्वतःच चर्चमध्ये गेल्या. दातवाली शनिवारी येते, असं झाडणाऱ्या बाईने सांगितलं होतं. आत पेटी बंद होती. बाजूच्या खोलीचं दार मात्र अर्धवट उघडं होतं आणि पाळकसाहेबांचा आवाज येत होता. पेटीबाई खांबाच्या आड उभ्या राहिल्या.

"मी तुला तिसऱ्यांदा विचारतोय. मंडळीत कुजबुज सुरू झाली आहे. त्यांना मी समजावून सांगतो. तू पुढच्या महिन्यापासून बस."

"आणि मी तिसऱ्यांदा नाही म्हणते, पाळकसाहेब. त्यांना उठवून मी तिथं बसणार नाही."

"अगं, त्यांना झेपत नाही आता."

"झेपत नाही ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळलंय. उठायचं तर त्या आपण होऊन उठतील."

"आणि नाहीच उठल्या तर?"

"तर मी पानं उलटीन. ते काम काही वाईट नाही."

पेटीबाईंना हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्यांना मास्तर आठवले.

त्यांच्या आधी या पेटीवर मास्तर बसत. एकटे, सडपातळ, शाळेत गणित शिकवणारे. त्यांची पानं पेटीबाई उलटायच्या. पानं उलटता उलटता मास्तरांच्या चुका एका कागदावर टिपायच्या. कुठला रविवार, कुठलं गीत, कितवं कडवं. चार महिन्यांनी तो कागद त्यांनी तेव्हाच्या पाळकांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मला काही नको, उपासना नीट व्हावी एवढंच." पुढच्या रविवारी मास्तरांनी पेटीवरच्या कापडाची घडी त्यांच्या हातात ठेवली. "भाता डावीकडून जरा गळतो, सांभाळा," इतकंच बोलले. नंतर सहा वर्षं ते शेवटच्या बाकावर बसले आणि एका हिवाळ्यात यायचे थांबले.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. दातवालीच्या पिशवीत त्या इतके दिवस आपलाच कागद शोधत होत्या.

दातवाली बाहेर आली ती त्यांच्या समोरच. तिचा चेहरा उतरला. "मावशी, तुम्ही कधी आलात?"

"ती वही कुणासाठी आहे?"

मुलीने पिशवीतून वही काढून पुढे धरली. "तुमच्याचसाठी. पुस्तकातलं बारीक दिसत नाही ना तुम्हाला. पण द्यायचा धीर होईना. वाटलं, तुम्ही म्हणाल, ही मला म्हातारी म्हणते."

"म्हातारी आहेच मी." पेटीबाईंनी वही घेतली. मग तिथंच एका बाकावर बसून त्यांनी मास्तरांची गोष्ट सांगितली. हे आजवर त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. प्रार्थनेत देवालाही, खरं तर, 'माझ्या हातून झालेल्या सगळ्या चुका' असं एकत्रच सांगून मोकळ्या झाल्या होत्या.

ऐकून दातवाली हसली नाही. "त्यांची माफी मागता नाही आली?"

"सहा वर्षं होती मला. रोज म्हणायचे, पुढच्या रविवारी."

मग पेटीबाई उठल्या. "चल, बस पेटीवर. ताल कुठं ढिला सोडायचा ते दाखवते. तुमची ही पिढी फार पळते."

संध्याकाळी घरी जाताना त्यांना आता स्वतःचाच संशय येत होता. हा चांगुलपणा उद्या सकाळपर्यंत टिकेल का? की पेटी पाहिली की हात परत तिकडे जातील? म्हणून त्यांनी घरात शिरताच नवऱ्याला सांगून टाकलं, "उद्या मी तुमच्याशेजारी बसणार आहे."

त्याने पहिल्यांदाच पेपर खाली ठेवला.

रविवारी पेटीबाई तिसऱ्या बाकावर नवऱ्याशेजारी बसल्या. लोक वळून बघत होते, पाळकसाहेब एक वाक्य बोलता बोलता अडकले. दातवालीने सुरुवात जरा घाईतच केली, पण सावरली. मंडळी उभी राहिली, पेटीबाईही राहिल्या. सगळे गाऊ लागले आणि त्यांच्या लक्षात आलं की या गीताची चाल त्यांच्या बोटांना पाठ आहे, शब्द मात्र धड येत नाहीत. इतक्या वर्षांत शब्दांकडे बघायला डोळे मोकळे कधी होते?

नवऱ्याने आपलं गीतपुस्तक त्यांच्याकडे सरकवलं. अक्षरं बारीक होती. दुसऱ्या कडव्यात त्यांची ओळ चुकली, तेव्हा त्याने न बोलता ओळीखाली बोट ठेवलं आणि शब्दाशब्दाबरोबर ते पुढे नेत राहिला. त्या बोटाच्या मागोमाग पेटीबाई हलक्या, अनोळखी आवाजात गात राहिल्या.